यमूचा वाटा

सापगाव,
३ डिसेंबर १९६२

धर्मा,

आधी आशीर्वाद घे. शिव्या मागून येतातच.

सात महिने तुझा पत्ता नाही. मंगळू त्याच्या मेव्हण्याकडे नांदगावला गेला नसता तर आणखी सात वर्षं कळलं नसतं. सख्खा चुलतभाऊ समोर उभा राहिला आणि तू म्हणे खडीची पाटी डोक्यावर घेऊन तसाच पुढे चालू लागलास. त्यानं हाताला धरून थांबवलं तेव्हा निरोप दिलास, तोही काय, तर 'बायला सांग, मी जिता हाय.' धाकटा भाऊ जिवंत आहे एवढ्यावर थोरल्या बहिणीचं समाधान होतं अशी तुझी समजूत दिसते. तसं होत नसतं बाबा.

बाळी माझ्याजवळ आहे. सापगावच्या शाळेत तिसरीत जाते. पहिले तीन महिने रोज विचारायची, बा कधी येणार. आता विचारत नाही. विचारायची तेव्हा मी तिच्यावर खेकसायचे, आता न विचारल्याचं मला जास्त लागतं. नऊ वर्षांची पोर, आई गेलेली, आणि बाप बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी कांबळं खांद्यावर टाकून निघून गेलेला. तिनं काय समजायचं?

मंगळू म्हणाला, तू एकच गोष्ट सारखी बोलत होतास. माझ्या हातानं औषध नासलं, माझ्या हातानं यमू गेली. धर्मा, असं बोलू नये. तू काय कमी केलंस? यमूच्या मानेत आणि काखेत गाठी आल्या तेव्हा अख्खा पाडा भगताकडे जा म्हणत होता. तू तिला घेऊन मुंबईच्या मोठ्या इस्पितळात गेलास. कॅन्सर हा शब्द आपल्या पाड्यावर पहिल्यांदा तू आणलास. पाठीवर घेऊन तिला स्टेशनापर्यंत नेलंस. पांढऱ्या कोटातल्या डॉक्टरांपुढे उभं राहून, आमच्या गावात माझी बाय शिरेत सुई देते, असं छातीठोकपणे सांगितलंस. म्हणून तर त्यांनी पहिल्या दोन सुया तिथे देऊन पुढच्या बाटल्या तुझ्या हाती दिल्या आणि यमू घरी आली.

फाल्गुनातल्या त्या दिवसाचं म्हणशील तर झालं ते झालं. दुसऱ्या खेपेच्या सहा बाटल्या घेऊन तू येत होतास. खर्डीला उतरलास, तिथे सुक्याच्या पोरीचं लग्न, त्यानं ओढून नेलं. बाटल्यांची पिशवी बैलगाडीच्या खुंट्याला दुपारभर उन्हात लटकत राहिली. थंड जागी ठेवा असं इस्पितळात बजावलं होतं खरं. पण माणूस आहे, चुकतो. तुझ्या मनात कपट नव्हतं. मी तुला माफ केलं आहे. तू स्वतःला माफ कर आणि घरी ये.

हे पत्र तुला वाचून दाखवणाऱ्या भल्या माणसाला माझा नमस्कार सांग. तुला चार अक्षरं शिकवायला मी किती जीव टाकला होता, पण तुझं लक्ष सगळं पाखरांच्या फासात. आता भोग.

तुझी थोरली बहीण,
वेणू

*

सापगाव,
२० ऑक्टोबर १९६३

धर्मा,

कापड पोचलं. लाल रंग बाळीला आवडला. शिवलेलं झंपर घालून ती पाडाभर हिंडून आली आणि ज्याला त्याला सांगत सुटली, बानं पाठवलं. कापडाबरोबर दोन शब्दही पाठवता आले असते. तुझ्या मुकादमाचा कारकून पत्रं लिहून देतो आणि वाचूनही दाखवतो असं मंगळूकडून कळलं. म्हणजे मी इथे लिहिते ते आधी त्याच्या कानातून जातं आणि मग तुझ्या. त्यामुळे लिहिताना हात आखडतो. राग मानू नका कारकूनभाऊ, पण घरातल्या काही गोष्टी घरातल्याच असतात.

इकडे भात बरं आहे. झिपरूआजा होळीपर्यंत टिकेल असं वाटत नाही. परवा पोरांनी रानडुक्कर मारलं तेव्हा मात्र उठून बसला आणि वाटे घालायला स्वतः पुढे झाला. सागाची पानं मांडली, घरटी एक. धाकलूची बायको पोटुशी आहे, तिच्या पोटातल्या लेकराचं एक पान वेगळं. आणि तुझंही मांडलं. मी म्हटलं, आजा, तो इथे नाही. तर म्हणाला, नसंल, पर मेला नाय ना. तुझा वाटा बाळीनं आणि मी खाल्ला.

एक बातमी सांगायची आहे. ठमीची मालू आठवते ना? तुमच्या शेजारची, यमू आजारी असताना तिचं पाणी भरायची, बाळीची वेणी घालायची, तीच. तिच्याही मानेत गाठी होत्या. यमूला झालं तेच मालूला झालं, असं तेव्हा आपण सगळे म्हणत होतो. तसं नव्हतं. यमू गेल्यावर महिन्याभरानं तिची गाठ फुटली, ताप उतरेना, म्हणून मी तिला मुरबाडला माझ्या जुन्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एका नजरेत सांगितलं, ही गंडमाळ आहे, क्षयाची गाठ. क्षयाच्या सुया आणि गोळ्या वर्षभर चालल्या. आता पोरगी चांगली टणटणीत आहे, केसही परत आले. माघात तिचं लग्न आहे, किन्हवलीकडे देतात.

हे तुला का सांगते आहे ते माझं मलाच नीट कळत नाही.

मी हल्ली सुया देत नाही. कोणी आलं तर मुरबाडला जा म्हणते, नाही तर शहापूरला. बाळंतपणं करते तेवढीच. लोक म्हणतात वेणूबायला गर्व झाला. म्हणू देत.

तू एकदा येऊन जा. दोन दिवस ये. बोलायचं आहे.

वेणू

*

सापगाव,
२५ जानेवारी १९६५

धर्मा,

म्हशाच्या जत्रेला गेले होते. बाळीला पाळण्यात बसायचं होतं. बसली आणि खाली उतरेपर्यंत डोळे मिटून होती, पण उतरल्यावर सांगते, मी सगळं मुरबाड पाहिलं.

येताना डॉक्टरांकडे थांबले. मी त्यांच्या दवाखान्यात नऊ वर्षं काढली. सुया उकळणं, शीर शोधणं सगळं त्यांच्या हाताखाली शिकले, पण आजार म्हणजे काय हे कधी विचारलं नव्हतं. सांगितलेलं करायचं, एवढंच. या वेळी बसले आणि विचारलं, साहेब, आमच्या यमूला झालं होतं काय? म्हातारे झालेत आता, पण त्यांनी मला खुर्चीवर बसवून सांगितलं. मला समजलं तेवढं तुला लिहिते.

तो बाहेरून आलेला आजार नव्हे. कोणाची नजर नाही, कोणाची करणी नाही, आणि कोणाकडून कोणाला लागतही नाही. आपलंच अंग बारीक बारीक कणांचं बनलेलं असतं, ते कण ठरल्या वेळी वाढतात, ठरल्या वेळी थांबतात. त्यातला एखादा थांबायचं विसरतो. मग त्याचे दोन होतात, दोनाचे चार. भातात रानभात उगवतं ना, दिसायला भातासारखंच, म्हणून निंदताना हाताला कळत नाही, तसं. यमूच्या रक्तातले कण असे माजले आणि गाठींत जाऊन बसले. ती सुई म्हणजे एक प्रकारचं विष. वाढणाऱ्या प्रत्येक कणाला ती मारते, म्हणून केस गळतात, म्हणून ओकाऱ्या येतात. माणसाचं वजन करून, तो किती सोसेल ते पाहून विष मोजतात. कमी झालं तर काय होतं, असं मी विचारलं, तर म्हणाले, थोडे कण मरतात, बाकीचे दडून बसतात.

ते ऐकून मला आपल्या डोहाची आठवण आली. उन्हाळ्यात मासे धरायला गेळाची विषारी फळं कुटून डोहात टाकतो तेव्हा किती टाकायची हे जुनी माणसं ठरवतात. कमी पडली तर बारकी मासोळी तेवढी वर येते. आपण टोपली भरतो आणि डोह रिकामा झाला म्हणतो. मोठे मासे तळाशी खडकाच्या कपारीत बसलेले असतात. पाणी निवळलं की बाहेर येतात. डॉक्टर म्हणाले, वेणू, अगदी असंच. गाठ हाताला लागत नाही म्हणजे ती गेली असं नाही.

मला हे तेव्हा माहीत असायला हवं होतं. तीन बाटल्यांत यमूच्या गाठी विरघळल्या होत्या.

आणखी एक गोष्ट मी त्यांना विचारली, त्या उन्हातल्या पिशवीची. त्यांनी काय सांगितलं ते कारकुनाच्या कानावर जावं अशी माझी इच्छा नाही. तू समोर असशील तेव्हा सांगेन. ये, धर्मा. मी हात जोडते.

वेणू

*

सापगाव,
६ एप्रिल १९६९

धर्मा,

हे पत्र टपालानं येत नाही. बाळी आणि मंगळू घेऊन येत आहेत. कारकुनाला बाजूला बसू दे. बाळी सातवी पास आहे, तिचं वाचन चांगलं आहे. तीच वाचेल.

बाळे, हे तुझ्यासाठी. मी तुला लखोटा चिकटवून दिला आणि बापासमोर उघड म्हणाले, तेव्हा तू हसलीस, लग्नाची यादी असेल म्हणालीस. यादी नाही. मी लिहिलं आहे ते जसंच्या तसं वाच. एक ओळही गाळू नकोस. मधे थांबावंसं वाटलं तर पाणी पी, पण पुढे वाच.

धर्मा, तुझं कार्ड आलं. बाळीला किन्हवलीकडच्या पाड्यावरचा गोमा पसंत आहे, वैशाखात मांडव घालायचा, बापानं येऊन पोरीला हळद लावावी, एवढं मी कळवलं होतं. तू उत्तर दिलंस की, ज्या हातानं तिच्या आईचं औषध नासलं तो हात मी पोरीला लावणार नाही. कारकुनानं तुझे शब्द बदलले नाहीत, बरं केलं. ते कार्ड बाळीनं वाचलं आणि चुलीशी जाऊन बसली. त्या दिवशी ठरवलं, आता पुरे.

तुझ्या हातानं काहीही नासलं नाही. ती कोरडी पूड होती. एका दुपारच्या उन्हानं तिचं काही बिघडत नाही, असं डॉक्टरांनी मला चार वर्षांपूर्वी सांगितलं. चार वर्षं मला ते ठाऊक आहे. कारकून, टपाल, तू येत नाहीस, ही सगळी मी शोधलेली कारणं. आणि खरं तर डॉक्टरांकडे जायचीही मला गरज नव्हती. औषध कुठे गेलं ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. अर्धं औषध मी मालूला दिलं.

सगळं सांगते.

इस्पितळातून आलेला कागद माझ्याजवळ होता. त्यावर त्यांनी मला कळेल असं मराठीत लिहून दिलं होतं: दर सोमवारी एक बाटली, पुरी, एका माणसाला. पहिल्या खेपेच्या तीन बाटल्या मी तशाच दिल्या. यमूला दोन दिवस पाणीही पोटात ठरायचं नाही. पण तिसऱ्या सुईनंतर मानेवर हात फिरवला तर गाठी नाहीत. काखेत नाहीत. तू तेव्हा वीटभट्टीवर होतास, तुला ठाऊक नाही पाड्यावर काय झालं ते. माणसं दारात येऊन यमूची मान चाचपून जायची आणि माझ्या पाया पडायची. झिपरूआजानं मला देवाच्या कोंबडीची तंगडी दिली, ती आजवर कधी बाईला मिळाली नव्हती. खोटं कशाला बोलू, मला ते फार गोड लागलं. मुरबाडच्या दवाखान्यात नऊ वर्षं मी फरशी पुसणारी पाड्यावरची बाई होते. इथे मी देवाच्या बरोबरीला बसले.

मग ठमी मालूला घेऊन आली. त्याच जागी तशाच गाठी, संध्याकाळचा ताप. मी म्हटलं, हे औषध यमूच्या नावाचं आहे, मालूला इस्पितळात न्या. ठमी नुसती रडली. बोलली ती यमू. अंथरुणावरून उठून बसली आणि म्हणाली, "बाय, माझ्यातला अर्धा वाटा मालूला दे. माझ्या गाठी तर गेल्या. ही पोर माझं पाणी भरते आन् मी एकटीनं बरी व्हायचं, असं आपल्यात कवा झालंय?"

तुला तिचा स्वभाव माहीत आहे. रानातून एक कंद मिळाला तरी चार घरं फिरवून आणायची. आपल्यात आलेल्या गोष्टीचे वाटे पडतात, एकट्यानं खाल्लेलं अंगी लागत नाही, हे ती दुधाबरोबर प्यालेली. मी सुद्धा तेच प्यालेली. पण तिच्याजवळ कागद नव्हता, माझ्याजवळ होता. पुरी हा शब्द मला वाचता येत होता. पाड्यावर वाचता येणारी मी एकटी होते आणि मीच तो वाचला नाही.

चौथ्या बाटलीपासून मी निम्मं निम्मं केलं. बाटलीत पाणी सोडलं, हलवलं, दोन पिचकाऱ्या उकळून ठेवल्या होत्या, एकीत अर्धं यमूचं, दुसरीत अर्धं मालूचं. दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या. यमू तिला म्हणत होती, भिऊ नको गो, मुंगी चावल्यागत लागतं. त्या आठवड्यात यमूला ओकाऱ्या झाल्या नाहीत. पेज प्याली, भाकर खाल्ली. आम्हा चौघींना वाटलं, औषध मानवलं, वाटून घेतल्याचं देवाला आवडलं. विष कमी पडलं म्हणून ओकारी थांबली, हे कळायला मला तीन वर्षं आणि मुरबाडची खुर्ची लागली.

पौषात तू तिला तपासायला मुंबईला नेलंस. तिथल्या डॉक्टरांनी तुला विचारलं, सहाही बाटल्या पुऱ्या दिल्या का? तू हो म्हणालास. कारण निघताना मी तुला तसं सांगितलं होतं आणि यमूला गप्प राहायला लावलं होतं. म्हटलं, त्यांना कळलं तर बाटल्या बंद करतील, मग मालूचं काय? तुझ्या शब्दावर विसंबून त्यांनी तेच औषध तेवढंच पुढे चालू ठेवलं, फाल्गुनात बाटल्या न्यायला ये म्हणाले. खरं कळलं असतं तर त्यांनी काही वेगळं केलं असतं. दुसऱ्या खेपेच्या सहाही बाटल्या, ज्या तू खर्डीच्या उन्हातून आणल्यास, त्यांचेही तू भट्टीवर परतल्यावर मी वाटेच केले. चैत्रात गाठी परत आल्या, आधीपेक्षा मोठ्या. यमूला श्वास पुरेना. मालूचा ताप वाढला, कारण तिला हवं होतं वेगळंच औषध, आणि माझ्या सुईनं तिचं होतं नव्हतं ते बळही गेलं होतं. एका बाटलीत मी दोघींना बुडवत होते.

शेवटच्या दिवशी यमूनं मला जवळ बोलावलं. तिला कळलं होतं असं मला वाटतं. म्हणाली, "धर्माला नको सांगू. तो ठमीच्या दारात जाईल." एवढंच. तिनं ठमीसाठी आणि मालूसाठी मागितलं ते मी माझ्यासाठी वापरलं, सात वर्षं.

आता बाराव्याचं. तुला वाटतं ते तुझं तुलाच सुचलं. तसं नव्हे. आठव. सगळे अंगणात बसले होते. झिपरूआजा म्हणाला, आधी गुण आला, मग का नाय आला? सगळ्यांचे डोळे माझ्या हातांकडे वळले. ठमी समोर होती, तिनं मान खाली घातली. मालूच्या गळ्याला फडकं गुंडाळलेलं. मी घाबरले. आणि मी म्हणाले, "औषध खर्डीला उन्हात राहिलं व्हतं. नासलं असंल." एवढं एक वाक्य. ते तोंडातून निघेपर्यंत मलाही माहीत नव्हतं मी ते बोलणार आहे. तू माझ्याकडे पाहिलंस. मी ते परत घेईन म्हणून पाहिलंस की काय, कोण जाणे. मी चुलीकडे गेले. दुसऱ्या दिवशी तुझं कांबळं खुंटीवर नव्हतं.

आणि त्यावर मी तुला पत्र लिहून माफ केलं. ते वाक्य मला रोज आठवतं, धर्मा. यमूच्या मरणापेक्षाही मला त्या वाक्याची लाज वाटते.

पुरं औषध मिळालं असतं तर यमू वाचली असती का, हेही मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, त्या आजारात पुरं औषध घेतलेली माणसंही बहुतेक जातात, वेणू. कदाचित वर्ष मिळालं असतं, कदाचित दोन. माझ्या समाधानासाठी म्हणाले असतील. पण मी त्या दोन वर्षांचा हिशेब घालत बसते. बाळीच्या डोक्याला आईनं तेल लावायची दोन वर्षं. तू घरी असायची दोन वर्षं. आणि तू तर त्यानंतरही घरीच राहिला असतास. तुझी सात वर्षं यमूच्या आजारानं नेली नाहीत, माझ्या जिभेनं नेली.

मालूला यातलं काही ठाऊक नाही. तिला वाटतं ती माझ्या सुईनं आणि मग मुरबाडच्या सुईनं बरी झाली. तिला दोन मुलं आहेत, थोरलीचं नाव तिनं यमू ठेवलं आहे. तिच्यावर आणि ठमीवर राग धरू नकोस. त्यांनी मागितलं, ते कोणीही मागेल. नाही म्हणायचं काम माझं होतं.

बाळे, तू अजून वाचते आहेस ना? तुला मी वाढवलं, न्हाऊमाखू घातलं, तू तापात असताना मांडीवर घेतलं. ते सगळं प्रायश्चित्त होतं असं समजू नकोस. प्रायश्चित्त असतं तर ते जड वाटलं असतं. तुझ्यामुळे मला घर होतं. म्हणून तर इतकी वर्षं बोलले नाही. तुझा बाप आला असता, खरं कळलं असतं, आणि तो तुला घेऊन गेला असता, ही भीती होती. हेच खरं कारण. आता तू तशीही जाणार, तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं. तुझी आत्या इतकीच शूर आहे.

धर्मा, लग्न वैशाख शुद्ध दशमीचं आहे. हळद तूच लाव. तुझे हात स्वच्छ आहेत, पहिल्यापासून होते. या सात वर्षांत पाड्यावर जेव्हा जेव्हा वाटे पडले, तेव्हा तुझं पान मांडलं गेलं आणि ते मी उचललं. लग्नाचं पान तू येऊन उचल.

माझं पान मांडायचं की नाही, ते तुम्ही दोघं ठरवा.

वेणू

*

नांदगाव,
१४ एप्रिल १९६९

आत्यास बाळीचा नमस्कार.

पत्र सगळं वाचलं. एक ओळही गाळली नाही. दोनदा पाणी प्याले. बानं आधी एकदा ऐकलं, मग म्हणाला, बाराव्याचं परत वाच. परत वाचलं. मग तो उठून खाणीवर कामाला गेला. मंगळूकाका मागून जात होता, त्याला नको म्हणाला.

संध्याकाळी आला तो हात धुऊन हातांकडे बघत बसला. मी चहा दिला तेव्हा बोलला. तुझे शब्द जसेच्या तसे वाचले, त्याचेही तसेच लिहिते.

"मालूला मांडवात बलाव. तिच्या पोरांना पण. यमूचा वाटा तिच्या अंगात हाय."

तुझ्याविषयी त्यानं काही विचारलं नाही, आणि मीही अजून काही बोललेली नाही. आम्ही शनिवारच्या गाडीनं येतो.

बाळी